रक्तदाबाची आणि छातीच्या दुखण्याची औषधे

उच्च रक्तदाब आणि अँजायना हे दोन आजार रुग्णाला अगदी वेगळे वाटतात. पहिला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजल्याशिवाय तो कळत नाही. दुसरा स्वतःहून जाणवतो. जिना चढताना, पोटभर जेवून चालताना किंवा रागाच्या भरात छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते आणि थांबून विसावा घेतला की काही मिनिटांत ओसरते. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत त्याला हृदयशूल म्हणतात. इतका फरक असूनही या दोन्हींसाठी लिहून दिली जाणारी औषधे बरीचशी तीच असतात. ॲम्लोडिपिन किंवा मेटोप्रोलॉल ही गोळी एका घरात बीपीसाठी, तर शेजारच्या घरात छातीच्या दुखण्यासाठी चालू असते.

याचे कारण हृदयाच्या कामात आहे. हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त धमन्यांमध्ये ढकलते. या कामासाठी त्याच्या स्नायूला किती प्राणवायू लागेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: ठोक्यांचा वेग, आकुंचनाचा जोर आणि ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचे तो दाब. हा प्राणवायू हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून, म्हणजे कोरोनरी धमन्यांतून येतो, आणि त्यांतला बराचसा प्रवाह दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या क्षणी होतो. चरबीच्या थरांनी या धमन्या अरुंद झाल्या की विश्रांतीत पुरणारे रक्त श्रमाच्या वेळी अपुरे पडते आणि स्नायू दुखू लागतो. हाच अँजायना. वाढलेला रक्तदाब यात दोन्ही बाजूंनी भर घालतो. हृदयाचे काम वाढून त्याची भिंत जाड होते, म्हणजे रक्ताची गरज वाढते. आणि धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊन त्या लवकर अरुंद होतात, म्हणजे पुरवठा घटतो. म्हणून हृदयावरचा भार हलका करणारे औषध अनेकदा दोन्ही आजारांत उपयोगी पडते.

मुंबईतून गेलेले औषध

दंडावर फुगवायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी 1896 मध्ये तयार केला आणि 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ऐकण्याची रीत दाखवली. मोजता येऊ लागले तरी पुढची कित्येक वर्षे उपाय हाती नव्हता. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे जाण्यासाठी वाढलेला दाब गरजेचाच असावा, तो कमी करणे धोक्याचे ठरेल, असे मानणारे नामवंत डॉक्टरही होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब काही वर्षे चढत होता, त्याच्या नोंदीही होत होत्या. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. देशाच्या प्रमुखालाही देण्याजोगे खात्रीचे औषध तेव्हा नव्हते.

या काळात भारतात एका वनस्पतीवर काम चालू होते. सर्पगंधेचे मूळ वैद्य आणि हकीम पिढ्यानपिढ्या झोप येण्यासाठी व उन्मादावर देत आले होते. 1931 मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, अशी नोंद प्रसिद्ध केली. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी मुळातील अल्कलॉइडे वेगळी करत होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रुग्णांना देऊन, रक्तदाब पद्धतशीर मोजून निष्कर्ष काढले आणि 1949 मध्ये ते ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्या लेखामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसर्पिन वेगळे काढले. 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य येते, नाक चोंदते, सुस्ती राहते. म्हणून आज ते क्वचितच दिले जाते. पण रक्तदाब गोळीने उतरवता येतो, हे जगाला पटवण्यात मुंबईच्या या कामाचा मोठा वाटा आहे.

दाब उतरवल्याने माणूस वाचतो का, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने 1967 मध्ये दिले. खालचा आकडा 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी निम्म्यांना औषधे आणि निम्म्यांना औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळ्या देण्यात आल्या. औषधे तीन होती: लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, रक्तवाहिन्या सैल करणारे हायड्रॅलझीन आणि सर्पगंधेतून आलेले रेसर्पिन. सरासरी दीड वर्षात औषध न मिळालेल्या गटात 27 जणांना गंभीर विकार झाले, औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. तेव्हापासून इतक्या चढलेल्या रक्तदाबाच्या उपचाराबद्दलची शंका मिटली. त्यानंतरच्या शेकडो चाचण्यांचा एकत्र हिशोब सांगतो, की वरचा आकडा 10 ने खाली आणला तर हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे विकार सुमारे एक पंचमांशाने घटतात. पक्षाघाताचा धोका तर त्याहूनही जास्त उतरतो.

रक्तदाबाची मुख्य औषधे

धमन्यांतील दाब कमी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. शरीरातील जादा मीठ-पाणी बाहेर काढणे, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे, किंवा हृदयाचा वेग व जोर आवरणे. औषधांचे गट याच मार्गांवरून पडले आहेत.

लघवी वाढवणारी औषधे यांत सर्वांत जुनी. 1958 मध्ये क्लोरोथायाझाइड बाजारात आले आणि रोज तोंडाने घेता येईल, सोसवेल असे औषध पहिल्यांदा मिळाले. आज हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही नावे चिठ्ठीवर दिसतात. मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकणे हे त्यांचे पहिले काम. काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात. ती स्वस्त आहेत आणि वृद्धांत विशेष गुणकारी ठरतात. मात्र त्यांमुळे रक्तातील पोटॅशियम किंवा सोडियम उतरू शकते, युरिक ॲसिड वाढून सांधे धरू शकतात, साखरही थोडी चढू शकते. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी लागते. वयस्कर माणूस ही गोळी सुरू झाल्यावर गोंधळल्यासारखा वागू लागला, तर सोडियम तपासून घ्यावे.

दुसरा गट कॅल्शियमचा मार्ग अडवणाऱ्या औषधांचा. रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतो तो पेशीत कॅल्शियम शिरल्यावर. जर्मनीतील फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले, की व्हेरापमिलसारखी औषधे हाच प्रवेश रोखतात. आज भारतात सर्वाधिक परिचित आहे ते ॲम्लोडिपिन. ते शरीरात सावकाश साचते आणि सावकाश उतरते, त्यामुळे दिवसातून एकदा घेतले तरी चोवीस तास पुरते आणि एखादा डोस चुकला तर दाब लगेच उसळत नाही. त्याचा नेहमीचा त्रास म्हणजे घोट्यांना सूज. ही सूज अंगात पाणी वाढल्याने येत नाही, केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याने येते. म्हणून लघवीची गोळी वाढवून ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी केल्याने किंवा पुढच्या गटातील औषध जोडल्याने ती बरीच कमी होते.

तिसऱ्या गटाचा उगम ब्राझीलच्या एका विषारी सापात आहे. जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फरेरा यांनी 1960 च्या दशकात काम केले आणि त्यातील काही घटक रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-2 तयार होऊ देत नाहीत, हे पुढे उघड झाले. त्या घटकांच्या रचनेवरून अमेरिकेतील स्क्विब कंपनीत कुशमन आणि ऑनडेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवले. 1981 मध्ये त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याच घराण्यातली. साधारण दहातील एका रुग्णाला यांनी कोरडा, चिवट खोकला लागतो. क्वचित ओठ-जीभ सुजतात, तसे झाल्यास औषध कायमचे बंद करावे लागते. 1995 मध्ये आलेल्या लोसार्टनने आणि नंतरच्या टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टनने अँजिओटेन्सिनला पेशीच्या दारातच अडवण्याचा मार्ग घेतला. त्यांनी खोकला होत नाही. मधुमेहात लघवीतून प्रथिन जात असेल, तर हे दोन्ही प्रकार मूत्रपिंडाचे रक्षण करतात. पण दोन्ही एकत्र देऊ नयेत. फायदा वाढत नाही आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. गर्भवतीला तर यांतले एकही चालत नाही, कारण बाळाच्या मूत्रपिंडांची वाढ बिघडते. तिच्यासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधे आहेत.

चौथा गट बीटा-ब्लॉकर औषधांचा. अमेरिकेचे रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडले होते, की ॲड्रेनॅलिन शरीरात दोन प्रकारच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करते, अल्फा आणि बीटा. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी त्यावरून सरळ विचार केला: अँजायनात हृदयाला रक्त जास्त पुरवता येत नसेल, तर त्याची गरज कमी करावी. हृदयावरील बीटा ग्राहक अडवले, की श्रमात किंवा रागात ॲड्रेनॅलिन उसळले तरी ठोके फार वाढणार नाहीत. यातून 1960 च्या दशकाच्या मध्यास प्रोप्रॅनोलॉल आले. ते अँजायनासाठी बनवलेले होते. रक्तदाबही त्याने उतरतो, हे ब्रायन प्रिचर्ड यांच्या 1964 च्या निरीक्षणांतून पुढे आले. ब्लॅक यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल आणि नेबिव्होलॉल ही आजची नावे. केवळ रक्तदाब असेल आणि हृदयाचा दुसरा विकार नसेल, तर पक्षाघात टाळण्यात ही औषधे बाकीच्यांहून थोडी मागे पडतात. म्हणून ती पहिल्या पसंतीची राहिली नाहीत. अँजायना, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे किंवा हृदयाची ताकद कमी होणे यांत मात्र त्यांचे स्थान पक्के आहे. दम्याच्या रुग्णाला ती टाळावी लागतात. मधुमेहाच्या रुग्णात साखर उतरल्याची धडधड ती झाकून टाकतात.

मात्रा आणि निवड

140/90 किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी, नीट मोजून पुन्हा पुन्हा आला, की बहुतेक डॉक्टर उच्च रक्तदाबाचे निदान करतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2017 मध्ये ही रेषा 130/80 वर आणली. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीत असावा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा धावपळ झालेली नसावी. एकाच ओझरत्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू करणे जितके चुकीचे, तितकेच वारंवार चढलेला आकडा ताणामुळे असेल म्हणून सोडून देणेही चुकीचे.

एकच औषध वाढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या गटांतील औषधे कमी मात्रेत जोडणे चांगले. दुसरे औषध जोडल्याने पहिल्याची मात्रा दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट दाब उतरतो, आणि त्रासही कमी होतो. म्हणून आज अनेकांना सुरुवातीपासूनच दोन औषधांची एक गोळी दिली जाते. तीन औषधे पूर्ण मात्रेत देऊनही दाब चढाच राहिला, तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. त्याआधी रुग्ण गोळ्या खरोखर घेतो का, जेवणात मीठ किती आहे, आणि आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, हे पाहावे लागते. या गोळ्या मीठ-पाणी अडवून रक्तदाब चढवतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळ्यांची पट्टी हे बीपी न उतरण्याचे कारण निघणे नवल नाही.

मिठाचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे भाजी-आमटीतले, लोणच्या-पापडातले, सुक्या मासळीतले आणि फरसाणातले सगळे धरून एक छोटा चमचा. मीठ कमी केले की औषधेही अधिक गुण देतात.

भारतात 2017 मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हे शास्त्र सरकारी दवाखान्यांत आणले. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मोजक्या, स्वस्त औषधांचा ठरलेला क्रम, गोळ्यांचा अखंड साठा, आणि प्रत्येक रुग्णाच्या आकड्यांची नोंद हा त्याचा गाभा. 2022 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका बीपी मोजते, गोळ्या मिळतात आणि पुढच्या भेटीची तारीख पडते. तालुक्याच्या गावी मोठा डॉक्टर शोधत जाण्याची गरज उरत नाही.

अँजायनाचा उपचार

अँजायनाचे सुस्पष्ट वर्णन इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये केले. त्यावरचा पहिला खरा उतारा एडिंबराचे तरुण डॉक्टर लॉडर ब्रंटन यांनी 1867 मध्ये छापला. कळ येते तेव्हा रुग्णाच्या धमन्यांतील दाब चढतो, असे त्यांना आढळले होते. तो उतरवण्यासाठी त्यांनी अमिल नायट्राइट हुंगवले आणि कळ थांबली. रक्तदाब आणि अँजायना यांचा उपचार असा आरंभापासून जोडलेला आहे. 1879 मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिन हे त्याहून टिकाऊ असल्याचे दाखवले. हाच पदार्थ वापरून आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले होते, आणि अखेरच्या आजारपणात डॉक्टरांनी त्यांना हेच औषध सुचवले. ते काम कसे करते हे मात्र शंभर वर्षांनी उलगडले: शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. या रेणूचे काम उकलणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी आज महाराष्ट्रातल्या हजारो घरांत असते. ती हातापायांच्या शिरा फुगवते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, भिंतीवरचा ताण उतरतो आणि काही मिनिटांत कळ निवते. दाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून ती बसूनच घ्यावी. डोकेदुखी हा तिचा सामान्य परिणाम आहे. रोजच्या वापरातील लांब परिणामाच्या नायट्रेट गोळ्या दिवसभर सतत चालू ठेवल्या, तर शरीराला सवय होऊन त्या निष्प्रभ होतात. म्हणून डॉक्टर रात्री काही तासांची सुटी ठेवून वेळा ठरवतात. लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली आणतात, आणि संकोचामुळे ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते.

कळ येऊच नये यासाठी बीटा-ब्लॉकर हे मुख्य औषध. ते ठोके मंदावते, त्यामुळे हृदयाची गरज घटते, आणि दोन ठोक्यांमधला विसावा लांबून कोरोनरी धमन्यांत रक्त शिरायला जास्त वेळ मिळतो. ते सोसत नसेल तर डिल्टियाझेम किंवा व्हेरापमिल देतात. ही दोन्ही बीटा-ब्लॉकरबरोबर दिल्यास ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. ॲम्लोडिपिन मात्र बीटा-ब्लॉकरबरोबर चालते. एवढ्यानेही भागले नाही, तर निकोरँडिल, रॅनोलाझिन, आयव्हॅब्राडिन किंवा ट्रायमेटाझिडिन यांची जोड मिळते.

ही सगळी औषधे कळ थांबवतात; झटका टाळण्याचे काम मुख्यतः वेगळ्या गोळ्यांचे असते. ॲस्पिरिन धमनीत गुठळी होऊ देत नाही. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवते आणि धमनीतील चरबीचा थर फुटू नये म्हणून त्याला स्थिर करते. कोलेस्टेरॉलचा अहवाल सुधारला म्हणून स्टॅटिन सोडणारे बरेच असतात. अहवाल सुधारला तो त्या गोळीनेच.

धमनी अरुंद आहे, तर स्टेंट टाकून मोकळी का करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. 2007 ची करेज आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली इस्केमिया या मोठ्या चाचण्यांत स्थिर अँजायनाच्या रुग्णांची तुलना झाली. नुसता चांगला औषधोपचार आणि औषधोपचारासोबत स्टेंट किंवा बायपास, अशा दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. स्टेंटने कळ अधिक कमी होते, आणि ती त्रासदायक असलेल्यांसाठी हा फायदा खरा आहे. डाव्या मुख्य धमनीचा अडथळा, कमकुवत झालेले हृदय आणि ताजा झटका यांना हा निष्कर्ष लागू नाही. बाकीच्यांना निर्णय घ्यायला वेळ असतो, आणि तोवर गोळ्या नियमित घेणे हाच खरा उपचार असतो.

गोळी चालू ठेवणे

अँजायनाची गोळी घेतली की छाती हलकी होते आणि रुग्णाचा तिच्यावर विश्वास बसतो. रक्तदाबाच्या गोळीने असे काही जाणवत नाही. तिचा लाभ म्हणजे न आलेला पक्षाघात, न बिघडलेले मूत्रपिंड, न फुगलेले हृदय. त्यामुळेच आकडा उतरला, की आजार गेला असे समजून गोळी थांबवण्याचा मोह होतो. आकडा उतरलेला असतो तो गोळीमुळे. वजन घटवून, मीठ सोडून, चालण्याचा व्यायाम वाढवून मात्रा कमी करता येते, पण ती डॉक्टरांनी मोजत मोजत करायची गोष्ट आहे. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवणे विशेष घातक. अडवून ठेवलेल्या ॲड्रेनॅलिनचा जोर एकदम उसळून कळा वाढतात आणि झटकाही येऊ शकतो. दाब खूप चढला पण त्रास काही नाही, अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धतही टाळावी. दाब झपकन उतरून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

काही वेळी मात्र थांबून चालत नाही. विश्रांतीतही दुखणारी छाती, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागलेली कळ, किंवा जिभेखालची गोळी घेऊन पाच मिनिटांत न थांबणारी कळ हा झटका असू शकतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांत तो नुसता दम लागणे, घाम फुटणे, मळमळ किंवा पोटाच्या वर जळजळ अशा रूपातही येतो आणि पित्त समजून वेळ जातो. तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे हा पक्षाघाताचा इशारा आहे. अशा वेळी 108 वर फोन करून ज्या रुग्णालयात ईसीजी आणि सीटी स्कॅनची सोय आहे तिथे थेट जावे. झटक्यात बंद झालेली धमनी पहिल्या काही तासांत उघडली तर हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. चालू औषधांची चिठ्ठी सोबत असली, तर तिथल्या डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.